सवलतींच्या मोबदल्यात काय मागितले?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विकसनशील देशांच्या सरकारांनी उद्योगवाढीसाठी कोणती धोरणे आखावीत, या विषयावर आपल्या दैनिकात चाललेली चर्चा मी लक्षपूर्वक वाचत आहे. पत्रलेखकांचे त्यात दोन तट पडलेले दिसतात. सरकारने रस्ते, वीज आणि कायदा-सुव्यवस्था सांभाळावी व कोणता उद्योग वाढावा हे बाजारावर सोडावे, असे एका तटाचे म्हणणे आहे. तर शेजारच्या राज्यांनी दिल्या त्याहून अधिक सवलती महाराष्ट्राने द्याव्यात म्हणजे कारखाने आपोआप येतील, असे दुसऱ्या तटाला वाटते. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत १९८६ पासून पत्र्याचे प्रेस केलेले सुटे भाग आणि स्विचगिअरच्या पेट्या बनवणारा मी एक लहान कारखानदार आहे. दोन्ही तटांच्या मांडणीत एक प्रश्न राहून जातो, म्हणून हे पत्र. सरकारने एखाद्या उद्योगाला काही दिले, तर त्या बदल्यात त्याच्याकडून काय मागितले, किती मुदतीत मागितले, आणि ते मिळाले नाही तेव्हा सरकारने काय केले? ज्या देशांत उद्योगधोरण फळले आणि ज्यांत ते वाया गेले त्यांच्यातला फरक, माझ्या समजुतीप्रमाणे, पुष्कळसा या प्रश्नाच्या उत्तरात सापडतो.

हा वाद नवा नाही, आणि त्याचे मूळ शोधायला नाशिककरांना फार लांब जावे लागत नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली याच जिल्ह्यातील निफाडला झाला. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना सर्व काळी लागू पडतात ही समजूत खोडून काढली, आणि जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक लिस्टच्या विचारांचा आधार घेऊन, मागे राहिलेल्या देशात नव्या उद्योगांना शासनाने हात दिला पाहिजे, अशी भूमिका मांडली. रानड्यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र शासनाचा हात कसा असू नये, याचे उदाहरणही त्याच काळात आपल्या दारावरून धावत होते. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेला १८४९ च्या करारानुसार गुंतवलेल्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती आणि तूट आल्यास ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघत असे. काटकसर केली काय आणि न केली काय, भागधारकाचे ५ टक्के पक्के, अशी स्थिती असल्यावर खर्चाला आवर कोण घालणार? कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे आलेला लोहमार्ग याच हमीवर बांधला गेला. मार्ग झाला हे खरेच. परंतु रूळ आणि इंजिने दीर्घकाळ विलायतेहून येत राहिली, आणि ती बनवण्याची विद्या त्या हमीबरोबर आली नाही, कारण ती कोणी मागितलीच नव्हती.

आता दक्षिण कोरियाकडे पाहू. त्याचे नाव या चर्चेत वारंवार येते, परंतु बहुधा अर्धेच सांगितले जाते. १९६१ मध्ये सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने व्यापारी बँका सरकारी ताब्यात घेतल्या आणि निर्यातदारांना अतिशय कमी व्याजाने कर्जे दिली, आयातीवर निर्बंध ठेवून देशातली बाजारपेठ त्यांच्यासाठी राखली. एवढा भाग ऐकून आपल्याकडचे उद्योजक खूश होतात. उरलेला भाग असा, की प्रत्येक उद्योगाला आणि पुष्कळदा प्रत्येक कंपनीला निर्यातीचे उद्दिष्ट ठरवून दिलेले असे. राष्ट्राध्यक्ष स्वतः दर महिन्याला निर्यातीच्या आढाव्याची बैठक घेत. आणि उद्दिष्ट न गाठणाऱ्याचे स्वस्त कर्ज पुढे चालू राहील याची शाश्वती नसे. निर्यातीचा निकष निवडण्यात मोठे शहाणपण होते. देशातला विक्रीचा आकडा आयातकर वाढवून फुगवता येतो आणि गुंतवणुकीचा आकडा यंत्राची किंमत वाढवून दाखवता येतो, पण परदेशातला खरेदीदार मंत्र्याचा मेहुणा नसतो. त्याला माल पसंत पडला तरच तो पैसे मोजतो. म्हणजे उद्योग खरोखर काही शिकला की नाही, याची परीक्षा सरकारने आपल्या अधिकाऱ्यांकडून काढून बाहेरच्या गिऱ्हाइकाकडे सोपवली. १९६४ मध्ये कोरियाची वार्षिक निर्यात १० कोटी डॉलरवर पोहोचली तेव्हा तिथे सण साजरा झाला. १९७७ मध्ये तोच आकडा १,००० कोटी डॉलर झाला.

त्याच कोरियाने १९६८ मध्ये पोहांग येथे पोलाद कारखान्यासाठी कंपनी स्थापन केली. या देशाकडे धड लोहखनिज नाही, कोकिंग कोळसा नाही, हा कारखाना चालणार नाही, असे सांगून जागतिक बँकेने आणि पाश्चात्त्य कर्जदारांनी पैसे देण्याचे नाकारले. जपानकडून त्याच्या वसाहती राजवटीच्या भरपाईपोटी मिळालेला निधी कोरियाने या कामी वळवला आणि १९७३ मध्ये कारखान्यातून पोलाद बाहेर पडले. पुढे ती जगातल्या मोठ्या पोलाद कंपन्यांपैकी एक झाली. ‘बाजारावर सोडा’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. त्याचबरोबर हेही नमूद केले पाहिजे, की ती राजवट लष्करी हुकूमशाहीची होती, कामगारांच्या संघटना दडपल्या जात होत्या, आणि १९७३ नंतर अवजड उद्योगांत ओतलेल्या अतिरिक्त भांडवलाचा फटका त्या देशाला १९८० च्या मंदीत बसला. कोरिया झाला म्हणजे सगळे सोने झाले, असे नाही. मला त्यातून घ्यावीशी वाटते ती फक्त एक गोष्ट, ती म्हणजे मदतीला लावलेली अट आणि ती अट पाळून घेण्याची धमक.

अट नसली म्हणजे काय होते, ते ब्राझीलने दाखवले. १९८४ च्या कायद्याने तिथल्या सरकारने लहान संगणकांची देशांतर्गत बाजारपेठ आठ वर्षांसाठी देशी कंपन्यांना राखून ठेवली. आयात बंद, परदेशी स्पर्धक बंद, आणि बाहेर जाऊन विकण्याची सक्ती मात्र नाही. वासरांत लंगडी गाय शहाणी ठरते, तसे झाले. देशी संगणक महाग आणि जुनाट राहिले, चोरट्या आयातीला ऊत आला, आणि मुदत संपल्यावर त्या उद्योगातले फारसे काही टिकले नाही. मात्र त्याच ब्राझीलमध्ये विमानांची कंपनीही होती, आणि नाशिककरांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते.

ओझरच्या विमान कारखान्याची कथा आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. १९६२ च्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, आणि १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. सोव्हिएत संघाशी झालेल्या कराराप्रमाणे आरंभी तयार भाग जोडायचे आणि टप्प्याटप्प्याने कच्च्या मालापासून विमान इथेच बनवायचे, अशी योजना होती आणि ती बऱ्याच अंशी पारही पडली. नाशिकच्या किती तरी फिटरांचे, टर्नरांचे आणि तपासनिसांचे हात त्या कारखान्याने घडवले. माझ्याकडे पहिली बारा वर्षे काम केलेला टूलमेकर तिथलाच शिकाऊ उमेदवार होता, आणि मापाच्या बाबतीत तो मालकाचेही ऐकत नसे. उद्योगधोरणाचा हा लाभ कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. तरी माझ्या दृष्टीने तो सर्वांत मोठा.

ब्राझीलच्या सरकारने आपली एम्ब्राएर ही कंपनी १९६९ मध्ये, म्हणजे ओझरनंतर पाच वर्षांनी काढली. तिने इंजिने आणि पुष्कळशी उपकरणे बाहेरून विकत घेतली, पण विमानाचा आराखडा स्वतःकडे ठेवला. तिच्यामागे १९५० मध्ये सुरू झालेली वैमानिक अभियांत्रिकीची सरकारी शिक्षणसंस्था होती. पहिलेच प्रवासी विमान तिने अमेरिकेत विकायचे ठरवले, त्यामुळे तिथल्या प्रमाणपत्राच्या कसोटीला उतरणे भाग पडले. १९९० च्या सुमारास ती कंपनी बुडण्याच्या बेतात होती, १९९४ मध्ये तिचे खासगीकरण झाले, आणि नंतरच्या तिच्या लहान जेट विमानांनी जगाची बाजारपेठ मिळवली. ओझरने याच्या उलट केले, किंवा ओझरकडून याच्या उलट करवून घेतले गेले. भाग जवळजवळ सगळे इथे बनवायचे, आराखडा मात्र परक्याचा, आणि गिऱ्हाईक एकच, भारतीय हवाई दल. एकच गिऱ्हाईक असले म्हणजे त्याची मागणी थांबली की कारखाना थांबतो. मिगनंतर ओझरला बनू लागलेल्या सुखोई विमानांच्या आधीच्या मागण्या पूर्ण होत आल्यानंतर पुढील १२ विमानांचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला. दरम्यानच्या काळात ओझरला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखानदारांनी यंत्रांचे हप्ते कसे भरले, हे त्यांना विचारावे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून तेजस एमके-१ए हे विमान उडाले, आणि त्याचा आराखडा भारतीय आहे, याचा आनंद मला इतरांइतकाच आहे. आता मागणीचे वेळापत्रक पुढील दहा-पंधरा वर्षांसाठी सांगता आले, तर त्याची किंमत कोणत्याही रोख अनुदानापेक्षा अधिक असेल.

मालेगावकडे वळतो, कारण तिथले धोरण मुद्दाम कोणी आखले असे म्हणता येत नाही, तरी परिणाम मात्र धोरणाचाच आहे. स्वातंत्र्यानंतर हातमाग वाचवण्यासाठी सरकारने काही वाण हातमागाला राखून दिले, आणि १९५६ मध्ये कापडगिरण्यांतील मागांच्या वाढीवर निर्बंध आणले. कापडाची मागणी वाढत होती, गिरणीला वाढायची बंदी होती, हातमागाची ताकद मर्यादित होती. मधल्या जागेत यंत्रमाग शिरला आणि मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी ही गावे त्यावर उभी राहिली. लाखो लोकांना काम मिळाले, हे मी कमी लेखत नाही. पण त्या व्यवस्थेत लहान राहणाऱ्याला लाभ होता आणि मोठे होणाऱ्याला शिक्षा होती. एका कुटुंबाचे माग वेगवेगळ्या नावांवर वाटले गेले, गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने माग घेऊन धंदा चालू राहिला, आणि वीजदरातली सवलत वर्षानुवर्षे मिळाली तरी तिच्या बदल्यात मागाच्या सुधारणेची अट कोणी घातली नाही. १९९९ मध्ये केंद्राने यंत्रसामग्री सुधारण्यासाठी व्याजात सवलतीची योजना आणली, तेव्हा तिचा लाभ घ्यायला हिशेब, तारण आणि नोंदणी लागत होती. चार-चार मागांच्या गाळ्यांत यांपैकी काय असणार?

हेच आमच्या अंबड-सातपूरमध्ये घडले आणि त्यात मी प्रेक्षक नव्हतो. लघुउद्योगांसाठी वस्तू राखून ठेवण्याची पद्धत १९६७ मध्ये ४७ वस्तूंपासून सुरू झाली, यादी पुढे ८०० च्या वर गेली, आणि शेवटच्या २० वस्तू एप्रिल २०१५ मध्ये मोकळ्या झाल्या. पांगुळगाडा मुलाला चालायला शिकवण्यासाठी असतो, पण ४८ वर्षे तो काढून घेण्याची तारीखच कोणी लिहिली नव्हती. त्याच्या जोडीला अबकारी शुल्कात लहान कारखान्यांना उलाढालीच्या ठरावीक मर्यादेपर्यंत सूट होती. शेवटच्या काळात ती दीड कोटी रुपये होती. मर्यादा जवळ आली, की कारखानदार उत्पादन वाढवण्याऐवजी दुसऱ्या नावाने दुसरी पाटी लावत असे. आमच्या गल्लीत एका छताखाली तीन पाट्या असलेली शेड होती, आणि माझ्याही शेडवर काही वर्षे दोन होत्या. दुसरी पत्नीच्या नावाची होती. कागदोपत्री ते नियमाला धरून होते. पण ज्या वर्षी मी शंभर टनांचा प्रेस घ्यायला हवा होता त्या वर्षी मी एक पाटी घेतली, आणि त्याचे मोल पुढे दहा वर्षे मोजले.

सवलतीला अट असली तर काय होते हे दिसावे म्हणून बांगलादेशात काय घडले ते समोर ठेवतो. १९७९ च्या सुमारास चितगावच्या देश गारमेंट्स या कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीशी करार करून आपले १३० कर्मचारी शिवणकाम, प्रतवारी आणि विपणन शिकायला बुसानच्या कारखान्यात पाठवले. परतल्यानंतर काही वर्षांत त्यांपैकी बहुतेकांनी ती नोकरी सोडून स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. त्या कंपनीचे नुकसान झाले असेल, देशाचा मात्र उद्योग उभा राहिला. सरकारने त्यात केले ते थोडेच, परंतु नेमके होते. आयात केलेले कापड निर्यातीसाठी असेल तर शुल्क न घेता बंधित गोदामात ठेवू द्यायचे, आणि परदेशी खरेदीदाराचे पतपत्र (बँकेने दिलेली पैशाची हमी) दाखवल्यावर त्याच्या आधारे कापडासाठी दुसरे पतपत्र उघडू द्यायचे, म्हणजे कारखानदाराला खिशातले भांडवल जवळजवळ लागत नसे. सवलत होती, पण माल देशाबाहेर गेला तरच. आज त्या देशाच्या निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. राणा प्लाझाची इमारत २०१३ मध्ये कोसळून १,१०० हून अधिक कामगार दगावले, हेही त्याच उद्योगाचे रूप आहे. निर्यातीची अट घालणाऱ्या सरकारने इमारतीची अट घातली नव्हती.

आपल्या राज्याच्या धोरणाकडे या नजरेने पाहिले तर काय दिसते? महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले आणि सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून कोणत्या ना कोणत्या रूपात चालू आहे. मुंबई-ठाणे-पुण्यात दाटलेले उद्योग मागास भागात जावेत, हा तिचा मूळ हेतू योग्यच होता, आणि सातपूर, अंबड, सिन्नर, दिंडोरी, गोंदे हे सारे काही अंशी त्याचे फळ आहे. पण तिची मोजपट्टी पाहा. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट पडतात आणि स्थिर भांडवलात केलेल्या गुंतवणुकीच्या प्रमाणात प्रोत्साहन ठरते. म्हणजे जागा कोठे आणि यंत्रे किती रुपयांची, हे विचारले जाते. त्या यंत्रांवर काय शिकलात, हे विचारले जात नाही. माझ्या परिचयातील एका कारखानदाराने केवळ अधिक सवलतीचा गट मिळावा म्हणून नवे युनिट तालुक्याच्या हद्दीपलीकडे नेले; कामगार जुनेच आणि रोज बसने नेले जातात, त्यामुळे त्या तालुक्याच्या वाट्याला धूळ तेवढी आली. शिवाय २०१९ च्या योजनेत परतावा राज्य जीएसटीशी बांधलेला आहे, आणि तोही राज्यातच विकलेल्या व पोहोचवलेल्या मालावरील. परराज्यात किंवा परदेशात माल विकणाऱ्याला त्या विक्रीपोटी परतावा नाही. परराज्यातील विक्रीवरचा कर महाराष्ट्राच्या तिजोरीत येत नाही, त्यामुळे राज्याची अडचण मला समजते. तरी कोरियाने नेमके दूरच्या गिऱ्हाइकाला माल विकणाऱ्यास बक्षीस दिले आणि आपण जवळच्या विक्रीस देतो, ही विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही.

वाइनचे उदाहरण मी थोडक्यात आटोपतो, कारण नाशिकमध्ये त्याविषयी आधीच खूप बोलले गेले आहे. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने उत्पादन शुल्कात माफी दिली, विंचूरला वाइन पार्क आखला, परवाने सोपे केले आणि दहाएक वर्षांत वायनऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. २००८ च्या मंदीनंतर टाक्यांत वाइन पडून राहिली, कर्जे थकली आणि वाइनच्या जातीची द्राक्षे लावलेल्या शेतकऱ्यांनी बागा तोडल्या. पुढे आलेली २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के परत करण्याची योजना माल विकल्यावर लागू होते, म्हणून ती मला अधिक शहाणी वाटते. मात्र परतावा वेळेवर न मिळाल्यास तो कारखानदाराच्या डोक्यावरचे कर्जच होतो. जमिनीच्या बाबतीतही असेच. सिन्नरजवळ मुसळगाव-गुळवंच परिसरात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी शेतकऱ्यांची मोठी जमीन घेतली गेली, तिथे १,३५० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभाही राहिला, आणि यंत्रे बसवूनही तो वर्षानुवर्षे बंद पडून राहिला. अमुक मुदतीत उत्पादन न झाल्यास जमिनीचे काय, या प्रश्नाचे उत्तर जमीन घेतानाच पाळण्याजोगे लिहिलेले असते, तर निदान शेतकऱ्याला तरी आपण कोठे आहोत हे कळले असते.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की कोरियाचा मार्ग आता बंद आहे. हे बऱ्याच अंशी खरे आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या अनुदानविषयक कराराने निर्यातीशी बांधलेली अनुदाने निषिद्ध ठरवली. अतिगरीब देशांना आणि दरडोई उत्पन्न १,००० डॉलरखाली असणाऱ्या काही देशांना सूट दिली, पण भारत त्या मर्यादेच्या वर गेला आणि अमेरिकेने केलेल्या तक्रारीवरून ऑक्टोबर २०१९ मध्ये निवाडा मंडळाचा निर्णय आपल्याविरुद्ध गेला. भारताने अपील केले आहे, तरी जुनी निर्यात प्रोत्साहन योजना गुंडाळून १ जानेवारी २०२१ पासून केवळ न परतलेले कर आणि शुल्क परत करणारी योजना आणावी लागली. आज श्रीमंत असलेल्या देशांनी आपल्या वाढीच्या काळात हीच साधने वापरली होती, यावर संताप येणे साहजिक आहे. पण संशोधन, चाचणी, प्रशिक्षण, पायाभूत सोयी आणि सरकारी खरेदी या वाटा आपल्याला अजून मोकळ्या आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे १४ क्षेत्रांपर्यंत गेलेल्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत वाढीव विक्री दाखवल्यावरच पैसे मिळतात, हे तिचे बलस्थान मी मान्य करतो. मोबाइलच्या जुळणीत इथे नेमके किती बनते, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत; आणि तिच्या बहुतेक पात्रता-मर्यादा इतक्या मोठ्या आहेत, की अंबडच्या शेडला ती दुरूनच पाहावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्या लोकशाहीत अट घालणारा आणि अट मोडणारा एकाच व्यासपीठावर बसतात, तेव्हा अट पाळून घेणार कोण? यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढे मात्र म्हणेन, की रोख सवलतीत जितका हस्तक्षेपाला वाव असतो तितका शिकवणाऱ्या संस्थेत नसतो. छत्रपती संभाजीनगरला जर्मनीच्या साहाय्याने उभी राहिलेली इंडो-जर्मन टूलरूम घ्या. तिथे डाय (धातूला आकार देणारा साचा) बनवायला शिकून आलेला मुलगा मी नोकरीवर ठेवतो तेव्हा त्याचे कौशल्य कोणत्या पक्षाच्या काळात मंजूर झाले, याने काही बिघडत नाही. तैवाननेही १९७३ मध्ये औद्योगिक तंत्रज्ञानाची सरकारी संशोधनसंस्था काढली, १९७६ मध्ये अमेरिकी कंपनीकडून अर्धसंवाहकांचे तंत्र घेऊन आपले तरुण अभियंते तिकडे शिकायला धाडले, आणि आज जगाला चिप पुरवणारी टीएसएमसी ही कंपनी १९८७ मध्ये त्याच संस्थेच्या कुशीतून निघाली. नाशिकमध्ये विद्युत उपकरणांचे एवढे कारखाने असूनही मोठ्या चाचण्यांसाठी माल भोपाळ किंवा बंगळुरूला पाठवावा लागे. माझ्या एका पेटीची चाचणी पहिल्या वेळी नापास झाली तेव्हा ट्रकभाडे, रांग आणि फेरचाचणी यांत पाच महिने गेले. शिलापूरच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेची मागणी इथल्या उद्योजकांनी इतकी वर्षे लावून धरली ती याच कारणाने. अशा प्रयोगशाळेत नापास झालेला नमुना हा माझ्यासारख्याचा खरा शिक्षक असतो, मात्र तो भोपाळला नापास झाला तर महाग पडतो.

आणखी एक गोष्ट सरकारच्या हातात आहे आणि तिला पैसाही लागत नाही. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगांचे बिल ४५ दिवसांत द्यावे असे सांगितले आहे, आणि २०२३ च्या वित्त कायद्याने तसे न देणाऱ्याला त्या खर्चाची त्या वर्षीची वजावट नाकारली आहे. माझ्या एका मोठ्या खरेदीदाराला मी या कलमाची आठवण करून दिली, तेव्हा बिल वेळेवर आले, मात्र पुढील तिमाहीची मागणी निम्म्यावर आली. सवलती घेणाऱ्या मोठ्या कारखान्याने आपल्या लहान पुरवठादारांना वेळेवर पैसे दिल्याचा दाखला जोडल्याशिवाय त्याचा परतावा सुटू नये, एवढी एक ओळ प्रोत्साहन योजनेत घातली, तर कोणत्याही जागतिक कराराचा भंग होत नाही.

आपणास एक विनंती आहे. १९९० पासून आजवर नाशिक जिल्ह्यातील कोणत्या कारखान्याला राज्याच्या प्रोत्साहन योजनेखाली किती रक्कम मंजूर झाली, किती प्रत्यक्ष मिळाली, त्याने किती रोजगाराचे व उत्पादनाचे वचन दिले होते आणि आज तिथे काय चालू आहे, याची तालुकावार यादी माहितीच्या अधिकारात मागवून आपल्या दैनिकाने छापावी. कोष्टक लांब होईल आणि काहींना ते आवडणार नाही. त्या यादीत माझ्या कारखान्याचेही नाव निघेल. १९९० च्या दशकात घेतलेल्या विक्रीकर सवलतीच्या बदल्यात मी सहा माणसे कामावर घेण्याचे लिहून दिले होते आणि चारच घेतली होती, हे कोणी विचारायला न आल्यामुळे आजवर सांगायचे राहून गेले होते.

आपला विश्वासू,
एक लघुउद्योजक,
अंबड, नाशिक